झोळीतला वरवंटा

मु. माळवाडी, पो. वैशाखरे, ता. मुरबाड
सोमवार, ७ जून १९९९

सौ. कमळ हिला ज्ञानेश्वरकडून.

हे पत्र तू स्वतः वाच. शेखरभाऊंच्या हाती देऊ नकोस, आणि द्यावेच लागले तर मोठ्याने वाचू नका असे त्यांना सांग. तुमच्या वाशिंदच्या घराच्या भिंती पातळ आहेत. मी आधी वहीत कच्चे लिहिले आणि मग आंतरदेशीयवर उतरवले, म्हणून खाडाखोड दिसणार नाही.

तू धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन माहेरी गेलीस, त्याला तीन महिने आणि चार दिवस झाले. इकडे पेरणी झाली. रोप दोन बोटे वर आले आहे. आईची तब्येत बरी आहे. लोक विचारतात, तेव्हा तुझ्या आईचे गुडघे दुखतात म्हणून तू तिकडे राहिली आहेस असे मी सांगतो. तू आलीस की तूही तेच सांग.

तुझ्या भावाचा, शेखरभाऊंचा निरोप मिळाला. त्यांच्या कारखान्यात स्टोअरमध्ये माझ्यासाठी एक जागा आहे आणि चाळीत एक खोली आहे, लावणी उरकली की हो की नाही ते कळवा, असे ते म्हणतात. आणि असेही म्हणतात, की जिथे मुलांकडे बघायला माणूस नाही तिथे मी बहीण पाठवणार नाही. त्यांचे चुकते असे मी म्हणत नाही. पण आई शेतात उतरली नाही तर आमची लावणी मागे पडते. तू उतरली नाहीस तरी मागे पडते. माळवाडीत घरोघरी हेच आहे. अंगणवाडीच्या बाई मुरबाडहून नऊच्या एसटीने येतात आणि दुपारी बाराला परत जातात. अंगावरची पोरे त्या घेत नाहीत. त्यांचा तसा नियम आहे.

ओहोळाच्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही. जे झाले ते झाले. घाबरलेला माणूस काहीतरी बोलून जातो.

मला लावणी संपेपर्यंत मुदत दे. माझ्या मनात एक गोष्ट आहे. पक्की झाली की कळवतो.

हर्षितला दात आला का? अक्षदा अजून पाण्याला घाबरते का? हे दोन्ही कळव.

ज्ञानेश्वर


गुरुवार, २४ जून १९९९

सौ. कमळ हिला,

तुझे कार्ड मिळाले. चार ओळी आहेत. दात दोन आले हे वाचून आनंद झाला. अक्षदा अजून मोरीत एकटी जात नाही हेही वाचले. शेवटची ओळ तू लिहिली आहेस, 'तुमी लिहिता ते खरं आहे, पण जे लिहीत नाही ते मला जास्त माहीत आहे.' ती ओळ मी पुष्कळ वेळा वाचली. उत्तर दोनदा कच्चे लिहिले, पण पक्के केले नाही.

मनातली गोष्ट सांगतो. काल भजनानंतर समाजमंदिरात मी सगळ्यांना बसवून घेतले. मला चारचौघांत बोलायची सवय नाही हे तुला माहीत आहे. म्हणून कागदावर लिहून नेले होते.

मी म्हणालो, "सावडीत आपण मजुरी घेत नाही, दिवसाला दिवस देतो. आज तुमच्या शेतात आमचं माणूस, उद्या आमच्या शेतात तुमचं. मग एका बाईने दिवसभर सगळ्यांची पोरं सांभाळली, तर तोही सावडीचाच दिवस धरायचा. तिचं शेत बाकीच्यांनी लावायचं."

नवसूकाका म्हणाले, "पोरं बघणं हे काय काम हाय रे? पोरं आपोआप मोठी होतात."

काशीआजी कोपऱ्यातून म्हणाली, "तू झालास व्हय आपोआप? तुझ्या आयशीला विचारलं असतं, पण ती बिचारी तुला सांभाळूनच लवकर गेली."

सगळे इतके हसले की नवसूकाकांनाही हसावे लागले. तिथेच अर्धे काम झाले.

मग भिमीने विचारले, "आन् तुमी काय करणार, ग्यानूभावजी?" तिचा बाळ्या आपल्या हर्षितच्याच वयाचा आहे. मी सांगितले, की रोज पाळीने एक बाई असेल, आणि तिच्या मदतीला मी रोज असेन. पाणी उकळीन, पेज करीन आणि दारात बसेन. भिमी म्हणाली, "बाप्यामाणूस दारात बसून पोरं राखणार! मग मिशी तरी काढून ठेवा खुंटीला."

मी ऐकून घेतले. मीच का, हे कोणी विचारले नाही. बरे झाले.

समाजमंदिरातल्या खताच्या गोण्या नवसूकाकांच्या पडवीत हलवल्या. जमीन दोनदा सारवली. दाराला गुडघाभर उंचीची फळी बसवली, रांगणारे मूल ओलांडू शकणार नाही अशी. छपराखालच्या आढ्याला झोळ्या टांगायच्या, प्रत्येक आईने आपले जुने लुगडे आणायचे. मुरबाडच्या बाजारातून पितळी घुंगरे आणली. चालणाऱ्या प्रत्येक मुलाच्या उजव्या पायात काळ्या दोऱ्याने एक घुंगरू बांधणार. आवाज थांबला की मान वर करायची. आवाज लांब गेला की उठायचे. अंगावरच्या पोरांच्या आयांसाठी मारुतीची घंटा सकाळी दहाला आणि दुपारी दीडला वाजवायची. घंटा ऐकली की त्यांनी बांधावरून यायचे, पाजायचे आणि जायचे.

आई सभेत भिंतीला टेकून बसली होती.

हे पत्रही मोठ्याने वाचू नये.

ज्ञानेश्वर


गुरुवार, ८ जुलै १९९९

कमळ,

काम मोडले.

मंगळवारी सुरू झाले होते. नऊ मुले आली, त्यातली पाच झोळीतली. पहिली पाळी काशीआजीची होती. घंटा वेळेवर वाजली, पेज जास्त पातळ झाली नाही. पण मी पाचऐवजी सहा झोळ्या टांगल्या होत्या. सहावी तुझ्या हिरव्या पातळाची. अक्षदा आणि हर्षित दोघे ज्यात झोपले, तेच पातळ. ट्रंकेतून काढले, धुतले आणि दाराजवळ बांधले. हर्षितची जागा आधीच धरून ठेवावी असे वाटले. दुसरे काही मनात नव्हते.

दुपारी वारा सुटला. भिमी बाळ्याला पाजायला आली तेव्हा ती झोळी रिकामीच झुलत होती. भिमी उंबऱ्यातच थबकली. रात्री बाळ्याला ताप भरला.

रिकामा पाळणा हलवू नये हे मी ऐकले होते. पण ही पातळाची झोळी होती, आणि मी हलवली नव्हती, वाऱ्याने हलली. हे मी काशीआजीला समजावून सांगितले. ती म्हणाली, "वाऱ्याला सांग जाऊन."

बुधवारी एकही मूल आले नाही. मी फळी लावून दारात बसलो. दहाला घंटाही वाजवली. ओळीत वाकलेल्या बायांनी मान वर केली नाही. पोरे पुन्हा बांधावर, टोपलीत, इरल्याखाली. मी समाजमंदिरातून टोपल्या मोजत होतो. आजही तसेच.

बाळ्याचा ताप आज सकाळी उतरला. म्हणजे साधा ताप होता. पण आता ते कोण ऐकणार.

शेखरभाऊंना सांग, जागा कोणाला देऊन टाकू नका.

ज्ञानेश्वर


रविवार, ११ जुलै १९९९

प्रिय कमळ,

हे पत्र शेखरभाऊंच्या हाती दे आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला सांग. तुझ्या आईला जवळ बसव. शेजारी ऐकत असतील तर ऐकू दे. मी कच्चे लिहिलेले नाही, थेट लिहितो आहे. खाडाखोड झाली तर तशीच राहू दे.

परवा, शुक्रवारी, शेतावरून परतताना काशीआजी सगळ्या बायांना घेऊन समाजमंदिरात आली. पुरुषही मागोमाग आले. आजी म्हणाली, "ग्यानू, ती एक झोळी काढ. उद्या सगळी पोरं परत येतील. भिमीचं तेवढंच म्हणणं हाय."

मी विचारले, "रिकामी आहे म्हणून?"

भिमी म्हणाली, "रिकामी हाय म्हणून, आन् तिची हाय म्हणून. जिनं सवताचं पोर ओहोळात सोडलं, तिचं लुगडं आमच्या पोरांत कशाला? वाईट वाटून घेऊ नका, भावजी. कमळवैनी माझी मैतरीण हाय. पण खरं ते खरं."

मी स्टुलावर चढलो. गाठीला हात घातला. कमळ, तुझ्यापासून लपवत नाही, मी ती गाठ अर्धी सोडवली होती. नऊ मुले परत येणार होती. काम पुन्हा उभे राहिले असते, आणि मी तुला लिहिले असते की सगळे ठीक आहे.

मग वाटले, ही झोळी काढली तर ती पुन्हा कधीच टांगता येणार नाही. तू आलीस तरी.

मी खाली उतरलो आणि म्हणालो, "ओहोळाच्या दिवशी अक्षदाजवळ कमळ नव्हती. मी होतो."

पुढचे त्यांना जसे सांगितले तसेच लिहितो. गेल्या वर्षीची लावणी होती, तू सातव्या महिन्यात होतीस. 'एवढं खाचर उरकते, तवर पोरीकडं बघा' असे सांगून तू खाली उतरलीस. मी झाडाखाली होतो. वरच्या खाचरातली एक ओळ वाकडी लागली होती आणि ती मला बघवत नव्हती. मी अक्षदाकडे पाठ केली आणि रोपे उपटून सरळ लावत बसलो. एक ओळ झाली, दुसरी झाली. किती वेळ गेला मला कळले नाही. नवसूकाकांची हाक ऐकू आली तेव्हा अक्षदा त्यांच्या हातात होती आणि तिच्या तोंडातून पाणी येत होते. सगळे धावत आले. आणि मी सगळ्यांच्या आधी ओरडलो, "कमळ, लक्ष कुठं होतं तुझं?"

तू माझ्याकडे नुसते बघितलेस. चार माणसांत मला खाली बघायला लावले नाहीस. वर्षभर गावाने तुला बोल लावला, तू ऐकून घेतलास. धुळवडीला आई पाहुण्यांसमोर म्हणाली, "एक वाचली, आता ही दुसऱ्याचंही असंच करील." तेव्हाही मी ताटाकडे बघत राहिलो. म्हणून तू गेलीस. तुझ्या आईचे गुडघे ठणठणीत आहेत, हेही मी त्यांना सांगितले.

मग नवसूकाका म्हणाले, "मला ठाव व्हतं. मी पोर उचलली तवा हा वरच्या खाचरात वाकलेला व्हता, पाठ करून. पण नवराबायकोचं म्हणून मी गप ऱ्हायलो."

भिमी आधी त्यांच्यावर उखडली, "तुमी पण? आन् आमी वर्सभर तिला काय काय बोललो, ती बाय एक अक्षर बोलली नाय?" मग माझ्याकडे वळली. "मिशी ऱ्हाऊ दे, भावजी. नाकच ठेवा काढून खुंटीला."

मी म्हणालो, "ठेवतो."

काशीआजीने विचारले, "आता बोला. ज्यानं पोर पाण्यात घालवलं असतं तो हा. ह्याच्याकडं पोरं ठेवायची का नाय?"

कोणी हो म्हणाले नाही. त्याच वेळी आई उठली आणि निघून गेली. मला वाटले, लाजेने गेली. मी फळी काढायला वाकलो. आता फळीचे काय काम, असे मनात आले.

तेवढ्यात आई परत आली. तिच्या हातात आपल्या घरातला वरवंटा होता, धुतलेला, हर्षितच्या जुन्या दुपट्यात गुंडाळलेला. वरून टोपडेही बांधले होते. कोणाकडे न बघता ती सरळ तुझ्या झोळीपाशी गेली आणि दोन्ही हातांनी वरवंटा आत ठेवला. माझी अर्धी सुटलेली गाठ तिने ओढून घट्ट केली.

"बारशाला पाळण्यात आधी वरवंटाच ठेवतात ना?" ती म्हणाली. "मग झालं. झोळी रिकामी नाय. माझा नातू येईस्तवर हा त्याची जागा राखील."

मग मला म्हणाली, "मी धुळवडीला सुनेला बोलले, तेही लिही तिला. मला अक्षर येत नाय म्हणून तू गाळशील." मी गाळलेले नाही. तिने अजून एक सांगितले आहे, "तिला म्हणावं, माझी जीभ चुकली."

काशीआजीने झोळीत डोकावून पाहिले आणि म्हणाली, "आजीवर गेलाय. काळा आन् जड." आई हसली. धुळवडीनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिले. मग आजी बायांना म्हणाली, "ह्या गड्याचं एकदा ध्यान सुटलंय. आता झोपेत पण सुटायचं नाय. असा राखणदार तुमाला अख्ख्या मुरबाडात मिळायचा नाय. माझा नातू उद्या येल. तुमचं तुमी बघा."

काल सकाळी मी सहाला फळी लावली. काशीआजीचा नातू आला. नंतर बराच वेळ कोणी नाही. साडेसातला भिमी आली. बाळ्याला माझ्या हातात दिले आणि बोट दाखवून म्हणाली, "घंटा दहाच्या आधी एक मिनिट वाजली तरी मी येणार, आन् एक मिनिट उशीर झाला तरी येणार. समजलं?" आठ वाजेपर्यंत नऊही मुले आली.

मी पेजेला आधण ठेवले तेव्हा नऊ घुंगरे—चूक झाली, चार. चालणारी चारच आहेत. मी इतका आनंदात होतो की मोजणे चुकले.

ज्ञानेश्वर


रविवार, ८ ऑगस्ट १९९९

प्रिय कमळ,

लावणी शनिवारी, ३१ तारखेला संपली. १० जुलैपासून बावीस दिवस समाजमंदिर एक दिवसही बंद राहिले नाही. शेवटी अकरा मुले होती. एकाला सर्दी झाली, एकाच्या गुडघ्याला खरचटले, एकाने माझ्या वहीचे पान खाल्ले. याखेरीज काहीही झाले नाही. अकरा मुले जशी सकाळी आली तशी संध्याकाळी घरी गेली, रोज. हे वाक्य मी पुन्हा वाचले. बरोबर आहे.

आता मला घंटेशिवायही वेळ कळते. भुकेने कोण रडतो, झोपेने कोण रडतो, आणि नुसता तालीम म्हणून कोण रडतो, हेही कळते. भिमीचा बाळ्या तिसऱ्यातला आहे. लावणीच्या शेवटच्या आठवड्यात तो पहिल्यांदा उभा राहिला, माझी मिशी धरून. मी भिमीला सांगितले, "बरं झालं खुंटीला नव्हती." ती म्हणाली, "आता तिला हात लावायचा नाय. ती बाळ्याची हाय."

पलीकडच्या पाड्यातून दोन बाया बघायला आल्या. त्यांना सावडीचा हिशेब नवसूकाकांनी समजावला. मी ऐकत होतो. ते म्हणत होते, "पोरं बघणं हेच तर मोठं काम! लावणी काय, कोणी पण करील." काशीआजीने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

आपले शेत शेवटच्या दोन दिवसांत लावले. माझे बावीस दिवस सावडीत धरले होते, म्हणून चौदा बाया उतरल्या. इतकी माणसे आपल्या खाचरात मी कधी पाहिली नव्हती. मी दारातून बघत होतो, कारण मुले माझ्याकडे होती. वरच्या खाचरातल्या ओळी वाकड्या लागल्या आहेत. लावणी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी बांधावर उभा राहून पाहिल्या. पाच ओळी चांगल्याच वाकड्या आहेत. मी एकही रोप हलवले नाही.

शेखरभाऊ शुक्रवारी उत्तर न्यायला आले होते, हे त्यांनी तुला सांगितले असेलच. पत्र सगळ्यांसमोर वाचल्याचेही त्यांच्याकडून कळले. ते म्हणाले, "वाचताना माझाच आवाज बसला. पुढचं कमळनं वाचलं." मी त्यांना समाजमंदिर दाखवले. फळी त्यांनी हाताने हलवून पाहिली, हलली नाही. स्टोअरमधल्या जागेबद्दल मी त्यांना नाही म्हणून सांगितले. ते रागावले नाहीत. जीपमध्ये बसताना म्हणाले, "मी तिला पाठवणार नव्हतो. आता मी अडवणारही नाय. तिचं ती ठरवील." मला हे पटले. तूच ठरवायचे आहे, आणि मी मुदत घालत नाही.

मी दारात बसून जे केले ते तू परत यावीस म्हणून सुरू केले होते, हे खरे. पण आता तू आली नाहीस तरी कापणीला समाजमंदिर पुन्हा उघडणार. तसे सगळ्यांनी ठरवले आहे. कापणीच्या पाळ्या लावताना मी विचारले, पहिला दिवस कोणाचा? भिमीने कोणाला बोलू दिले नाही. "पहिली पाळी कमळवैनीची. माझा बाळ्या पहिला तिच्या हातात देईन, आन् मग इळा हातात घेईन." सगळ्या बायांनी माना डोलावल्या. आईनेही. मी तुझे नाव वहीत पेन्सिलने लिहिले आहे. शाईने लिहिलेले नाही.

झोळ्या आता सोडल्या, प्रत्येकीने आपले लुगडे घरी नेले. आढ्याला एकच राहिली आहे, हिरवी. आत वरवंटा आहे. आई सध्या ओहोळातल्या गोट्याने चटणी वाटते. रोज म्हणते की मिरची भरड राहते आणि बोटे ठेचतात, आणि रोज मी म्हणतो की जाऊन वरवंटा आणतो, तेव्हा पाटा सोडून माझ्या अंगावर येते. "खबरदार हात लावलास तर," असे म्हणते.

तेव्हा चटणी भरडच चालली आहे. वरवंटा झोळीतून काढायचा मान हर्षितचा, आणि त्याला उचलून आत ठेवायचा तुझा. अक्षदाचे घुंगरू मी दाराच्या खुंटीला लावले आहे. दोरा तिच्या पायाला बरोबर होईल असे वाटते. इतक्या महिन्यांत पाय किती वाढतो हे मला नक्की माहीत नाही, म्हणून चार बोटे जास्त ठेवला आहे.

तुझा
ज्ञानेश्वर